कालचाच आकडा

भाऊरावच्या पोटात रोज बरोब्बर साडेबाराला दुखायला लागायचं. दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. सांवेर रोडवरच्या पाइपच्या कारखान्यात जेवणाचा भोंगा झाला, की कामगार डबे घेऊन निंबाखाली जमायचे, आणि फाटकावरचा टाइमकीपर धोंडिबा डावा पाय ओढत ओढत तिथं यायचा. त्याच्यासाठी बादली आधीच उलटी घालून ठेवलेली असायची. स्टोअरच्या चाव्या कमरेला खोचून बसणाऱ्या भाऊरावसाठी मात्र आजवर कुणी एक वीटसुद्धा सरकवली नव्हती.

"धोंडिबा भिया, वो बरफवाला किस्सा हो जाए!" कुणीतरी म्हणायचंच.

आणि धोंडिबा, लबाड कुठला, आधी नको नको करायचा. "अरे भिया, किती वेळा ऐकणार? जाऊ द्या ना." मग पोळीचा एक तुकडा मोडायचा, खालच्या आवाजात सुरू करायचा, आणि इंदूरच्या मार्चातल्या रखरखीत दुपारी काश्मीरचा डोंगर उभा राहायचा. हे मात्र कबूल करायला हवं, गोष्ट सांगावी तर धोंडिबानं.

गोष्ट पंचावन्न सालच्या एप्रिलमधली. फौजेतले पाच जवान पायाला स्की, म्हणजे लांब लाकडी फळ्या बांधून, वरच्या ठाण्यावरून खालच्या ठाण्याकडे निघालेले. रस्ता नाही, पायवाट नाही, नुसता बर्फाचा उतार. "थंडीतल्या बर्फाची तऱ्हा वेगळी," धोंडिबा सांगायचा. "एप्रिलचा बर्फ दिवसा उन्हानं पाणी पाणी होतो. रात्री पारा उतरला, की गोठून पुन्हा दगड. म्हणून उतार ओलांडायचा तो ऊन पडायच्या आत. एकदा का ऊन लागलं, की आतून सुटतो आणि सगळा डोंगरच घसरून खाली येतो. म्हणून आम्ही पहाटेच निघालो. आकाश एकदम साफ! चांदण्या अशा, की हात वर करून तोडाव्या. पारा उणे सहा. पायाखाली बर्फ कसला, फरशी! आणि तरी, भिया, तरी तो उतार आला. का आला? त्याची मर्जी. बर्फाला कायदा नसतो."

"फिर?"

"फिर काय! मी पुढं होतो, मी गेलो आत. भाऊरावनं उकरून काढलं." 

बस्स. एवढंच. अर्ध्या तासाच्या गोष्टीत भाऊरावच्या वाट्याला हे एक वाक्य. सगळे एकदा वळून त्याच्याकडे बघायचे, की लगेच माना फिरवून धोंडिबाच्या बुटाकडे. कारण आता बूट निघायचा, मोजा निघायचा, आणि नसलेली तीन बोटं सगळ्यांना दिसायची. नव्या पोरांच्या तोंडातला घास तोंडातच राहायचा.

भाऊराव जळायचा. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा, धोंडिबाच्या बोटांचासुद्धा त्याला हेवा वाटायचा. आपली दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, पेन्शन आहे, जुन्या इंदुरात दोन खोल्या आहेत, पण दाखवायला काय आहे? दोघं महूच्या एकाच गल्लीत वाढले, दोघांचे बाप एकाच पलटणीत, दोघं एकाच दिवशी भरती झाले. छाती मोजली तेव्हा भाऊरावची एक इंच जास्तच भरली होती! तरी बारशाला, लग्नाला, कुठंही गेलं, की पाट धोंडिबाला आणि सतरंजीचा कोपरा भाऊरावला.

"तुम्ही पण सांगा की एखादी गोष्ट," त्याची बायको दुर्गा म्हणायची. "तोंड शिवलंय का कुणी?"

"मला नाही येत फुशारक्या मारता."

"हो, तुम्हाला नुसतं धुमसता येतं. चुलीत घातलं तर सरपण वाचेल माझं."

हे सगळं एक वेळ त्यानं सोसलं असतं. पण त्या मार्चात जे झालं, ते सोसण्याच्या पलीकडचं होतं. भाऊरावचा एकुलता एक मुलगा उत्तम, वय वर्षं वीस, फौजेत लागला होता आणि नुकताच गुलमर्गकडे स्कीच्या ट्रेनिंगला गेला होता. बर्फ, स्की, डोंगर, सगळं बापाचंच. असं असताना उत्तमचं पत्र आलं ते धोंडिबाला. कारखान्याच्या पत्त्यावर! बापाला दर महिन्याला एक कार्ड यायचं, 'मी खुशाल आहे, आईला नमस्कार,' आणि काकाला चार पानांचा लिफाफा.

धोंडिबानं तो निंबाखालीच फोडला. "भाऊराव, ऐक रे, आपल्या उत्तमचं पत्र!"

'आपल्या' म्हणे. भाऊरावच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भेंडीची भाजी त्याला कडू लागायला लागली. तो मान खाली घालून चावत राहिला आणि धोंडिबा मोठ्यानं वाचत राहिला.

'धोंडिबाकाका, इथं शिकवणारे उस्ताद फार पिडतात. रोज पहाटे एकाला उठवून बाहेरच्या पेटीतला थर्मामीटर बघायला लावतात. म्हणतात, रात्री पारा किती उतरला ते कळल्याशिवाय उतारावर पाय ठेवायचा नाही. मी सगळ्यांना तुमची गोष्ट सांगितली. चांदण्या होत्या, पारा उणे सहा होता, बर्फ फरशीसारखा होता, तरी उतार आलाच ना? मग आकडे बघून काय फायदा? परवा माझी पाळी होती. बाहेर मरणाची थंडी. मी उठलोच नाही, कालचाच आकडा सांगून टाकला. काही नाही झालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमची टोळी वरचा मोठा उतार ओलांडणार आहे.'

"वा रे पठ्ठे! इंदौर का छोरा है!" कुणीतरी टाळी वाजवली.

धोंडिबा हसला नाही. त्यानं पत्राची घडी घातली आणि भाऊरावकडे बघितलं. भाऊरावचा हात डब्यातच राहिला होता. कालचाच आकडा. हे दोन शब्द सोडून दुसरं काहीही त्याला त्या क्षणी कुणी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

कारण चांदण्या नव्हत्याच. त्या रात्री ढग होते.

चौदा वर्षं धोंडिबाच्या तोंडून ऐकून ऐकून भाऊरावलासुद्धा त्या चांदण्या दिसायला लागल्या होत्या. खरं काय झालं होतं ते त्यानं मनात इतकं खोल पुरलं होतं, की वर कुदळ मारायचं कारणच पडलं नव्हतं. त्या आठवड्यात धोंडिबाला बाहीवर फीत मिळाली होती, लान्स नायकाची. भाऊरावला नाही. आणि त्याच धोंडिबानं हुकूम सोडला, 'भाऊराव, तीन वाजता उठून पारा बघ आणि वहीत लिही.' कालपर्यंत माझ्या ताटात जेवणारा, आज मला हुकूम देतो? तीन वाजता भाऊरावला जाग आली. पेटी बाहेर चाळीस पावलांवर होती. तो पडून राहिला. तू फीतवाला ना, तूच बघ जाऊन, असं मनात म्हणाला. मग कंदिलाच्या उजेडात वहीत कालचाच आकडा लिहिला. उणे सहा.

बाहेर ढगांनी डोंगरावर गोधडी घातली होती. ढगाळ रात्री थंडी पडत नाही, हे माळव्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. बर्फ गोठलाच नव्हता. वर पापुद्रा आणि आत सगळा गाळ. पाच माणसं त्या आकड्याच्या भरवशावर त्याच्यावर गेली.

त्या संध्याकाळी भाऊराव घरी गेलाच नाही. सायकल सरळ धोंडिबाच्या दारात नेऊन लावली. धोंडिबाची बायको भीमाबाई ओट्यावर गहू निवडत होती. "या भाऊजी," म्हणून तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सूप घेऊन आत गेली.

"ढग होते," भाऊराव उभ्या उभ्याच म्हणाला. "त्या रात्री ढग होते, धोंडिबा. मी पारा बघितलाच नव्हता."

"बस आधी."

"अरे, बस काय! कालचाच आकडा लिहिला होता मी. तुझी फीत डोळ्यांत खुपत होती म्हणून. तुझी बोटं माझ्यामुळं गेली. ऐकतोयस ना?"

"मला माहीत आहे," धोंडिबा म्हणाला.

भाऊराव बसला.

"दारातून बाहेर पडलो तेव्हाच हवा गालाला ओली लागली," धोंडिबा सांगायला लागला, आणि हा त्याचा निंबाखालचा आवाज नव्हता. "टाच मारून बर्फ बघायचं काम पुढच्याचं. म्हणजे माझं. वाटलं, थांबून बघावं. मग वाटलं, भाऊरावनं लिहिलंय ना, तो खोटं नाही लिहायचा. वही माझ्या खिशात होती. दवाखान्यात उघडून बघितली, दोन दिवस एकच आकडा, आणि त्या रात्री तर ढग. साहेब चौकशीला आले तेव्हा मी सांगितलं, आकाश साफ होतं साहेब, पारा उणे सहा होता, बर्फ असाच आला. बाकीच्या तिघांनी माझ्याकडे बघून मान हलवली. एकदा साहेबाला सांगितलं, की मग सगळीकडे तेच सांगावं लागतं."

"पण का? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कसलं आलंय!" धोंडिबा पहिल्यांदाच चिडला. "तुला तर तिथंच बुकलून काढावं असं वाटत होतं. उत्तम सहा वर्षांचा होता. तुला कोर्टमार्शल झालं असतं तर त्या पोराला कुणी शिकवलं असतं? तुझ्या दुर्गानं? धुणीभांडी करून?"

भाऊरावला रडू आलं नाही, घाम आला. ज्या पोराला वाचवायला धोंडिबानं आकाशात चांदण्या लावल्या, तेच पोरगं आता त्या चांदण्यांवर विसंबून उतारावर चाललं होतं. आणि पुन्हा कालचाच आकडा! रक्त म्हणायचं की काय म्हणायचं याला?

"कागद आण," तो म्हणाला. "मीच लिहितो."

"माझं नाव घालू नको त्यात."

"तुझं नाव घातल्याशिवाय तो वाचणार आहे का? बापाचं पत्र तो अर्धंच वाचतो." हे बोलतानाही त्याच्या पोटात थोडं दुखलंच. सवय जाते थोडीच!

त्यानं लिहिलं. चौदा वर्षांत जे दुर्गाला सांगितलं नव्हतं ते वीस वर्षांच्या पोराला लिहिलं, आणि एकही शब्द चोपडा केला नाही. शेवटी लिहिलं, 'रात्री ढग असतील तर पहाट झाली तरी निघू नकोस. आकडा स्वतः जाऊन बघ. टाच मारून बघ. धोंडिबाकाकाची बोटं बर्फानं नाही नेली, तुझ्या बापानं नेली. आता मला तोंड दाखवायचं नसेल तर दाखवू नकोस, पण जिवंत ये.'

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते भाऊरावलाच ठाऊक. पोस्टमन गल्लीत दिसला, की तो घरात जाऊन बसायचा आणि दुर्गाला पुढं करायचा. दुर्गालाही त्यानं सगळं सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पातेलंभर खीर घेऊन भीमाबाईकडे गेली आणि तिथं खूप वेळ बसून आली.

एप्रिलच्या शेवटी कार्ड आलं. बापाच्या नावानं. 'आदल्या रात्री ढग होते. मी स्वतः जाऊन पारा बघितला, शून्याच्या वर होता. टाच घोट्यापर्यंत आत गेली. उस्तादांना सांगितलं, टोळी थांबवली. दहा वाजता ऊन पडलं आणि समोरचा सगळा उतार आमच्या डोळ्यांदेखत खाली गेला. बाबा, सुट्टीत येतो तेव्हा सगळं तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.'

दुसऱ्या दिवशी निंबाखाली पुन्हा फर्माईश झाली. धोंडिबानं पोळीचा तुकडा मोडला, खालच्या आवाजात सुरू केलं. पाच जण निघाले, पहाट झाली, आणि "आकाश..." म्हणून तो थांबला. त्याला पुढं जाता येईना.

"ढग होते," मागून भाऊराव म्हणाला.

सगळ्या माना वळल्या आणि या वेळी वळलेल्याच राहिल्या. भाऊराव उठला, पुढं आला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. फीत, हुकूम, चाळीस पावलं, वही. कुणी घास तोंडात घालेना. "फिर क्या हुआ, भिया?" एकानं हळूच विचारलं. हेच चार शब्द ऐकायला भाऊराव चौदा वर्षं तडफडला होता, आणि आता ते त्याला नको झाले होते. पण त्यानं शेवटपर्यंत सांगितलं. दवाखाना, साहेब, धोंडिबानं खिशात दाबून ठेवलेली वही.

तो थांबला. मग जुना फिटर बाबूराव उठला, भाऊरावच्या शेजारून पुढं गेला आणि धोंडिबाच्या पायाशी वाकला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. "क्या आदमी है यार," कुणीतरी म्हणालं. चौदा वर्षं नुसती गोष्ट ऐकत होते, आता त्यांना माणूस दिसला होता.

भाऊराव डबा बंद करत बाजूला उभा राहिला. पोटात दुखलंच, जसं रोज दुखायचं तसंच. पण आज पहिल्यांदा त्याला वाटलं, जळावं असा माणूस आपल्याला बरोब्बर मिळाला होता. मग तोही त्या रांगेत जाऊन उभा राहिला, सगळ्यांच्या मागं, आणि आपली पाळी यायची वाट बघायला लागला.