आपोंडीचं गळकं छप्पर

आपोंडी सरोवराकाठच्या गावात सुकट विकायची. पहाटे होड्या लागल्या की चिमुकली मासळी घ्यायची, वाळवायची, पोत्यांत भरून शनिवारच्या बाजाराला न्यायची. घर चालायचं ते त्या पोत्यांवर. आणि छप्पर गळत होतं ते नेमकं पोत्यांच्या डोक्यावर.

आता गवत कापायचं बाईनं, वाहून आणायचं बाईनं, भिंती लिंपायच्या बाईनं. वर चढून शाकारायचं मात्र घरधन्यानंच. त्या गावात बाई जन्मात एकदाच छपरावर जायची, नवरा मेला की छपराच्या शेंड्यावरची, घरधन्याच्या नावाची काठी मोडायला. हे कुणी ठरवलं कोण जाणे, पण ठरवणाऱ्याचं छप्पर गळत नसावं एवढं नक्की.

नवरा ओकुंबा माणूस लाखमोलाचा, पण तीन आठवडे "उद्या चढतो" म्हणत झाडाखाली बियांचा डाव मांडून बसला होता. बुधवारी आभाळ भरून आलं. एक पोतं आधीच ओलं झालेलं. आपोंडीचं डोकं फिरलं. तिनं शिडी लावली, कमरेचं कापड खोचलं आणि सरळ वर चढली.

पलीकडच्या अंगणातून सासूनं पाहिलं. म्हातारीनं विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाही, हंबरडाच फोडला. घटकाभरात सारं गाव रडत हजर. शेजारची विधवा आकेयो तर मयताच्या घरी द्यायला कोंबडी घेऊन आली. आपोंडी वरून सांगत होती, की अहो, जिवंत आहे तो. पण रडण्यात रंगलेली माणसं ऐकतात होय!

रडारड झाडाखाली ऐकू गेली, तसा ओकुंबा डाव टाकून धावत आला. मयताला तो कधी चुकायचा नाही. टोपी काढून त्यानं पुढच्या माणसाला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"ओकुंबा," तो मागे न बघता म्हणाला.

"अरेरे," ओकुंबा म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं.

गावचा वडीलधारा ओगुटू म्हणाला, झाला तो अपशकुन झाला. आता धन्यानं सगळ्यांदेखत छपरावर जावं, म्हणजे तो जिवंत ठरेल. ओकुंबानं शिडी धरली. तिसऱ्या पायरीवर त्याचे पाय लटपटले, पाचव्या पायरीवर डोळे मिटले. तेव्हा कुठे आपोंडीला त्या "उद्या"चा उलगडा झाला. चौदा वर्षांच्या संसारात गड्यानं हे सांगितलं नव्हतं. पुरुषाला कशाची भीती वाटत नसते ना! तिला राग आलाच, पण कीवही आली.

"अडेरोच्या बापा, हात दे," ती हळूच म्हणाली. "खाली बघू नकोस."

ओकुंबा आढ्याला मिठी मारून बसला. त्याच्या पाठीमागे तिनं सगळं शाकारलं, घट्ट बांधलं. खाली ओगुटू मान डोलावत म्हणाला, की बघा, पुरुषाचा हात लागला की काम कसं झटक्यात होतं. ती खाली उतरली आणि सर आली. आत पोती कोरडी राहिली.

लोक पांगले, तरी आकेयो कोंबडी काखेत धरून उभीच. नवरा गेल्यापासून तिचं छप्पर दोन वर्षं गळत होतं. दीर म्हणायचा, आधी माझ्या घरात नांदायला ये, मग शाकारतो.

"आपोंडी, ही कोंबडी ठेव," ती म्हणाली, "आणि तुझा नवरा अर्धा दिवस दे. नुसता वर बसवायला."

आपोंडीनं वर पाहिलं. ओकुंबा पावसात अजून आढ्यालाच चिकटलेला होता.

"ने," ती म्हणाली. "पण आधी शिडी धर, त्याला उतरवू."