चुलीपाशी ठेवलेला टॅब

टॅब शाळेचा हुता, आमचा न्हाई, म्हनून तर मला त्येची लई भीती. आमी ऊस तोडायला निघालो तवा मास्तरांनी त्यो पोरीच्या हातात दिला आन म्हनले, सगळे धडे ह्यात भरल्यात, तिथं ह्याच्यावर आभ्यास कर, आल्यावर परीक्षा घेतो, तुजा वर्ग बुडायचा न्हाई. मीबी ल्हानपनी अशीच आई-बापासंगं फडावर जायची, दर साली मागं पडत गेले आन सातवीला शाळा सुटलीच, म्हनून त्यो टॅब जपला तरच पोरीची शाळा ऱ्हाईल, असंच मनानं घेतलं.

पन जपायचा कसा? अडानी म्हनतील म्हनून मी कुनाला इचारलंच न्हाई. कारखान्याजवळ आमची ऱ्हायची उसाच्या पाचटाची कोपी, पहाटंचं दव पार आत यायचं, मीठ आन काडेपेटी सादळू नये म्हनून आमी चुलीला लागून ठेवतो, तर मी टॅबबी फडक्यात गुंडाळून तिथंच ठेवला.

एक दिस दुपारी फडावरनं आले तर पोरगी टॅब मांडीवर घिऊन बसलेली. काळा ठिक्कर पडलेला, काय केल्या लागंना, आन हात लावला तर नुसता तवा.

सासूला मी आत्या म्हनते. तान्ह्याला सांभाळायला त्या आमच्यासंगं येत्यात, शाळंची पायरी त्यांनी कदी चढली न्हाई. त्यांनी टॅबवर हात फिरवला.

"भाकरीवानी शेकलास व्हय गं?"

"आत्या, ह्यांना सांगू नका."

"त्यो काय दुरुस्त करनार हाय? चल, ज्येला कळतं त्येला इचारू."

बाजारात मोबाईलचं दुकान हुतं. मी पोरीला धरून पायरीवरच थांबले, आत्या तान्ह्याला काखंला मारून थेट गल्ल्यापाशी गेल्या.

दुकानदार म्हनला, "मावशी, हे तापलंय. लई तापलं की आपोआप बंद पडतं. थंड हुंद्या, मग बघू." त्यानं टॅब पंख्याखाली ठेवला.

तवर आत्यांनी दुकानदाराला सोडलाच न्हाई. ह्याचा करंट लागतो का? पोरीचे डोळे जात्यात का? रातभर वायरीला लावला तर फुटतो का? मागं दोन कॉलेजची पोरं हसाया लागली. आत्या वळून म्हनल्या, "हसा, पन ढकलू नका. माजं इचारून झालं न्हाई अजून."

मला धरनीनं पोटात घ्यावं असं झालं, आन त्याच टायमाला वाटलं, ही बाई भेत कशी न्हाई. दुकानदारबी हातातलं काम ठिवून एकेक सांगत हुता.

टॅब निवला. त्यानं कळ दाबून धरली, उजेड आला.

"दिवा लागला त्ये दिसतंय मला," आत्या म्हनल्या, "पोरीचे धडे हाईत का त्ये बघा."

पोरीनं बोट फिरवलं. एक धडा उघडला, दुसरा उघडला, आन ती तिथंच उभ्या उभ्या वाचाया लागली. मी पायरी चढून आत गेले.

"दादा, चुलीपाशी न्हाई, तर मग दवात ठिवू कुठं?"

"प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कपड्याच्या पेटीत ठिवा."

"आन पेटी उन्हात असली तर?"

आत्यांनी तान्ह्याला दुसऱ्या काखंला घेतलं. "इचार, सगळं इचारून घे," म्हनल्या, "उसाची गाडी भरायला अजून येळ हाय."