यमपुरीतला सदरा

आमच्या चाळीच्या गणपतीपुढे त्या वर्षी यमपुरी उभारायची ठरली, तेव्हा पाप्याचा पुतळा मी करतो असं मीच म्हणालो. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, आणि आप्पांना, माझ्या वडिलांना, गिरणीतून काढून पाच महिने. त्यांच्या डब्याच्या पिशवीत कापडाचा तुकडा सापडला होता. तो ठेवला होता त्यांच्या खात्यातल्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं. आप्पा चालवायचे ते दोन माग त्याला पुतण्याला द्यायचे होते, आणि आठवड्याच्या आत दिलेही. भोंगा झाल्यावर गेटवर सगळ्या पाळीदेखत आप्पांची झडती झाली. चोर हा शब्द त्यांनी तिथे पहिल्यांदा स्वतःसाठी ऐकला.

मला त्या जॉबरला मारायचं होतं. प्रत्यक्ष मारायची छाती नव्हती. मी नुकताच नोकरीला लागलेला कारकून होतो आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं.

यमपुरी म्हणजे बांबू आणि गोणपाटाचा वळणावळणाचा बोगदा. आत अंधार, पायाखाली ओली पोती, वरून लोंबणारं सूत तोंडावर यायचं, उदाचा धूर, लाल कागद लावलेले दिवे. बाया किंचाळायच्या आणि पुन्हा रांगेत उभ्या राहायच्या. शेवटच्या वळणावर पापी बसलेला, मागे यमदूत. आलेल्या माणसानं दोरी ओढायची, की यमदूताचा हात खाली यायचा आणि चिंध्या भरलेली गदा पाप्याच्या खांद्यावर बसायची. मागे पत्रा बांधला होता, त्यामुळे आवाज गल्लीपर्यंत जायचा. इथे नुसतं बघून कुणी पुढे सरकत नव्हतं. शिक्षा ज्यानं त्यानं आपल्या हातानं करायची.

धड पेंढ्याचं होतं, पण कागदाच्या लगद्याचा चेहरा मी तीन रात्री जागून केला. जॉबरच्या पिळदार मिशा, भुवईवरची खोक, खांद्यावर त्याच्यासारखीच घडीची चादर. गळ्यात पत्र्याची पाटी लावली, चोर. पाऊस आला तरी पुसू नये म्हणून तैलरंगात लिहिली.

अंगात पांढरा सदरा हवा होता. घरात पांढरा सदरा एकच, आप्पांचा. कात्री ठेवून ठेवून त्याचा खिसा फाटला होता, तेव्हा आईनं गादीच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाचा खिसा लावला होता. खात्यात त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची. खिसा चादरीखाली झाकला जाईल, एवढाच विचार मी केला. न विचारता पेटीतून सदरा काढून नेला.

पहिल्याच संध्याकाळी गिरणीतल्या लोकांनी चेहरा ओळखला.

"आरं, ह्यो तर आपला जॉबर की!"

"हाण, आनि एक हाण! माझ्या वाटचा बी हाण!"

मी दोरीशेजारी उभा राहायचो. पत्रा वाजला की मला गेटवरची ती झडती दिसायची आणि बरं वाटायचं. खूप बरं वाटायचं. रोज घरी जाऊन आप्पांना म्हणायचो, "एकदा चला. तुम्ही दोरी ओढल्याशिवाय त्याला अर्थ नाही."

"मला न्हाई बगायचं," ते म्हणायचे.

सहाव्या दिवशी आई त्यांना घेऊन आली. पेटीत सदरा सापडेना, म्हणून ते बंडीवर उपरणं टाकून आले होते. ते रांगेत होते, आणि त्यांच्या पुढे, आपली चार माणसं घेऊन, जॉबर होता. कुणीतरी त्याला सांगितलं असणार.

तो पुतळ्यासमोर उभा राहिला. "मिशी माजी हाय, बरं का," म्हणाला. मग त्याची नजर खाली गेली. गदेच्या माराने चादर घसरून पडली होती. मी इतके दिवस मारणाऱ्यांची तोंडं बघत होतो, पुतळ्याकडे बघितलंच नव्हतं.

"पर सदरा कुनाचा? ह्यो गादीचा खिसा! बगा रं, पोरानं सोताच्या बापाला आनून बसवलंय. पाटी बी लावलीय, चोर!"

त्यानं दोरी ओढली. पत्रा वाजला. पाच दिवस त्याच्यावर हसलेले लोकच आता हसले. मी दोरीपासून हातभर अंतरावर होतो आणि माझा हात उचलला गेला नाही.

"थांबा की, जॉबरसाहेब. पेंढ्याला काय मारताय?"

आप्पा पुढे आले. चौथऱ्यावर चढले. पुतळ्याच्या सदऱ्याची बटणं एकेक करून सोडली, सदरा झटकला, बंडीवर घातला. पुतळा उचलून बाजूला ठेवला. पाटी आपल्या गळ्यात अडकवली आणि गदेखाली मांडी घालून बसले.

"आता ओढा. समदे बगत्यात. ओढा."

गदा चिंध्यांची होती, लागलं काहीच नसतं. तरी जॉबर दोरी धरून नुसता उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "का वो, झडतीला तर लई जोर हुता!" हसू फुटलं, ते या वेळी त्याच्यावर. त्यानं दोरी सोडली आणि घाईनं बाहेर निघाला. लोंबत्या सुतात त्याची टोपी अडकून राहिली. ती काढून द्यायला कुणी पुढे झालं नाही.

आप्पांनी पाटी माझ्या हातात दिली. "कुनी लिवली?"

"मी."

"पूस."

मी नखांनी खरवडत बसलो. ते आईबरोबर घरी गेले, तोवर 'च'सुद्धा निघाला नव्हता.

त्या रात्री आई ब्लेड घेऊन तो खिसा उसवायला बसली. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हाय तसा ऱ्हाऊ दे." सकाळी तोच सदरा घालून ते एका पॉवरलूमवाल्याकडे काम मागायला गेले.

माफी मागायला मला तोंड नव्हतं. जॉबरबद्दलचा राग मात्र तसूभर कमी झाला नव्हता. आजही झालेला नाही. संध्याकाळी मी पुतळा पुन्हा जागेवर बसवला. पाटी लावली नाही. डोक्यावर जॉबरची ती खरी टोपी चढवली, अंगात माझा सदरा घातला. लोकांना आत सोडण्याआधी पहिली दोरी मीच ओढली, आणि गदा फुटून चिंध्या बाहेर येईपर्यंत ओढत राहिलो.