नऊचं सुटलेलं पोट

माझे सासरे, आमचे मामा, चिटगुप्प्यात गाड्यांच्या नंबराच्या पाट्या रंगवायचे. नव्या गाड्यांना आता छापील पाट्या येतात, तवा हा धंदा कवाच बुडायला पायजे होता. पण हैदराबादच्या शौकीन लोकांनी बुडू दिला न्हाई. मेले कुठनं कुठनं जुन्यापान्या मोटारी धुंडून आणतात आणि त्यांच्या गंजक्या पाट्या आमच्याकडं पाठवतात. मामांना दिसंना झालं तसा ब्रश माझ्या हातात आला.

माझ्याच कामून? तर लग्नाआधी निंबर्ग्यात मी शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायची, हे आईनं बैठकीत मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. माय माझी, गप्प बसली असती तर!

नवरा पुण्याला. खोली केली, गॅस घेतला, रोज फोनवर विचारणं, "कवा यायलीस?" इकडं मामा म्हणायचे, "एवढी पाटी होऊ दे, मग जा." ती होईपर्यंत दुसरी दारात. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. मला माझा संसार पायजे होता, दुसरं काय बी न्हाई.

एक दिवस डोस्कंच फिरलं. म्हणलं, काम नासवायचं, गिऱ्हाईकच तुटलं पायजे. हैदराबादच्या एका मोटारीची पाटी घेतली, गंज घासून काढला, काळा रंग नीट दिला आणि वरचे पांढरे आकडे मुद्दाम वेडेवाकडे काढले. नऊचं पोट सुटलेलं, सातचा पाय लंगडा. हात मेला ऐकंना, सारखा सरळच जायचा. दात खाऊन वाकवला. मामांनी पाटी डोळ्यांपाशी धरली आणि म्हणले, "झ्याक झाली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाटी न्यायला गाडीवाले स्वतःच आले. मी दाराआड उभी राहून देवाला म्हणायलते, चांगल्या शिव्या पडू दे. त्यांनी पाटी उन्हात धरली, खिशातनं एक जुना फोटो काढला. त्यात त्यांचे आजोबा त्याच मोटारीला टेकून उभे, आणि मोटारीवरची पाटी अशीच वाकडीतिकडी, हातानं रंगवलेली.

"वा मामू! हमकू येइच होना था!" अशीच पायजे होती म्हणत त्यांनी डिकी उघडली आणि दोस्तांच्या पाट्यांचा ढीगच आमच्या ओट्यावर रचला.

मामांचे डोळे भरून आले. "सून न्हाई सायेब," म्हणले, "माझा हात हाय ती." त्यांचा राग यावा तर तो बी येईना. हेच लई वाईट.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मी सगळं सांगितलं. हे हसतील वाटलं होतं, हसले न्हाईत.

मग म्हणले, "खोली सोडू का मग? मीच येतो तिकडं."

मी म्हणले, "सोडा."