उणकलच्या योगितेचा हेवा

हे देवकीनंदना, हे यशोदेच्या लाडक्या, तुला प्रथम वंदन. एकीच्या उदरी तू जन्म घेतलास आणि पहिला बोबडा बोल दुसरीच्या अंगणात बोललास. बंदिखान्यात बसलेल्या त्या जन्मदात्रीला हेवा वाटला काय, हे कोणी तिला विचारले नाही. विचारायला हवे होते. कारण तोच हेवा उरी बाळगून एक माउली आमच्या हुबळीत, उणकल तळ्याकडच्या नव्या वसाहतीत नांदते आहे. तिचे नाव योगिता.

योगिता साड्यांना फॉल-पिको करून देते. यजमान दत्तात्रय गोकुळ रोडवरच्या कारखान्यात लेथ चालवतात. पदरी एकच लेकरू, श्रीहर्ष, वय वर्षे सहा. रूपाने गोजिरवाणा, परंतु बोलत नसे, नजरेला नजर देत नसे, आणि गलका असह्य झाला की समोर येईल त्याला चावे. पहिलीत घातल्यावर पाचव्याच दिवशी शाळेने निरोप दिला, "उद्यापासून पाठवू नका."

मग ही बाई उठली. इस्पितळातून दाखला आणला, शिक्षणखात्याच्या कचेरीत आठ महिने चपला झिजवल्या. कारकून म्हणे, "पुढच्या सोमवारी या, अक्का." ही म्हणे, "येते अण्णा, पण त्या दिवशी तुम्ही खुर्चीत असा!" अखेर हुकूम निघाला. श्रीहर्ष पहिलीतच बसेल, आणि आठवड्यातून तीन दिवस एक विशेष शिक्षिका त्याच्या शेजारी बसेल. योगितेने गल्लीभर पेढे वाटले.

आली ती सरस्वती टीचर. धारवाडची, कन्नड बोलणारी, मराठीतही कानडी आदराचा 'री' लावणारी, सुती साडीतली, हळू आवाजाची. तिने वर्गाच्या कोपऱ्यात चटई घातली. गलका वाढला की ती श्रीहर्षला तिथे नेई, त्याच्या खांद्यांवर दोन्ही तळवे दाबून धरी, आणि लेकरू शांत होई. महिन्याभरात तो वीस मिनिटे एका जागी बसू लागला. दोन महिन्यांत चावणे जवळजवळ थांबले.

जे मागितले ते मिळाले, आणि मिळाले तिथूनच जळणे सुरू झाले. योगिता खिडकीच्या जाळीतून पाही. जे बोट तिने धरले की लेकरू हिसडा देई, तेच बोट तो आपण होऊन सरस्वतीच्या हातात देई. घरी येऊन तीही त्याच्या खांद्यांवर तळवे दाबी, तर तो किंचाळून दूर पळे. तेच खांदे, तसेच तळवे; मग उणे काय? आठ महिने उन्हात उभी राहिले मी, आणि पोर मात्र तिचे!

एका शनिवारी तो घरी आला तो नखे कापून. सज्जनहो, त्या घरात नखे कापणे म्हणजे युद्ध असे. बापाने धरायचे, आईने कापायची, शेजाऱ्यांनी दार वाजवायचे. आणि इथे दहाच्या दहा नखे, गोल, नीटस. योगितेने एकेक बोट निरखले. एका तरी बोटाला ओरखडा असावा, असे तिला वाटले. आपल्याच लेकराच्या बोटावर ओरखडा शोधणारी आई! हेवा माणसाला कुठवर नेतो पाहा.

त्याच रात्री जेवताना, ती त्याच्या पानात आणखी भात वाढत असता, श्रीहर्ष बोलला. आयुष्यातला पहिला शब्द. "ताकु."

योगितेच्या अंगावर काटा आला. "अहो, ऐकलंत? ताक मागितलं त्याने! शाळेत नाही बोलला, माझ्याजवळ बोलला!"

तिने वाटीभर ताक ओतले. "ताकु," तो पुन्हा म्हणाला. तिने आणखी ओतले, वाटी ओठांशी नेली. "घे राजा, घे." तिसऱ्यांदा तो ओरडला, वाटी भिंतीवर गेली, आणि तिच्या मनगटात त्याचे दात रुतले.

"बघा, शाळेत जाऊन बिघडलाय," ती रडत म्हणाली. दत्तात्रय म्हणाले, "अगं, शाळेत तर तो चावायचा थांबलाय." हे वाक्य तिला दातांहून जास्त लागले. रविवारी तिने अर्ज लिहिला: आमच्या मुलास विशेष शिक्षिकेची आवश्यकता नाही.

सोमवारी मुख्याध्यापिका निवेदिता बाईंनी तो वाचला आणि चष्मा काढला. "योगिता, हा मी घेतला की मदत बंद. मदतीवाचून मी त्याला वर्गात ठेवू शकणार नाही. जा, दहा मिनिटं बाहेर बस, आणि मग दे."

बाहेर ओसरीवर सरस्वती भेटली. मनगटावरची पट्टी पाहून म्हणाली, "काय झालं री, ताई?"

योगितेने मान ताठ केली. "तो बोलला. माझ्याशी. ताक मागितलं."

"ताक?" सरस्वती घुटमळली. मग हलकेच म्हणाली, "ताई, रागावू नका री. त्याला 'स' येत नाही अजून. तो 'साकु' म्हणाला असेल. चावायच्या ऐवजी 'साकु' म्हण, असं मी शिकवतेय त्याला."

साकु. म्हणजे पुरे. भाजीबाजारात जन्मभर कन्नडमध्ये घासाघीस केलेल्या बाईला हा शब्द ठाऊक नव्हता काय? ठाऊक होता. पण तो शब्द आपला असावा, मराठी असावा, आईजवळ मागितलेला असावा, असे तिच्या कानांनीच ठरवून टाकले होते. लेकरू तीनदा पुरे म्हणाले, आणि ती तीनदा वाढत राहिली.

योगितेने मनगटावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "टीचर, मला तुमचा फार हेवा वाटतो. तुमचं तोंड बघवत नाही मला."

"बघू नका की!" सरस्वती हसली. "माझी मुलगी माझं एक अक्षर ऐकत नाही, ट्यूशनच्या बाईंचं ऐकते. मी त्या बाईला रोज मनात शिव्या घालते. फी मात्र वेळेवर देते."

योगितेला हसू आले, आणि त्याचाच तिला पुन्हा राग आला. तिने अर्ज उलटा केला आणि पाठीमागे लिहिले: विशेष शिक्षिकेची मदत चालू ठेवावी, आणि आईला दर बुधवारी तासभर वर्गात बसून शिकू द्यावे. तो कागद तिने आत नेऊन दिला.

आता दर बुधवारी ती चटईच्या कडेला बसते. लेकरू तिच्याकडे पाहत नाही, सरस्वतीकडे पाहते. तिचा जीव जळतो. जळत्या जिवाने ती सरस्वतीचे हात न्याहाळते, कुठे किती दाबले ते मनात टिपते, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा येते.

नारायणा, या माउलीचा हेवा तू हिरावून घेऊ नकोस. त्याच्याच उबेत तिचे शिकणे चालू राहो. दत्तात्रयांच्या हातांना बळ लाभो, सरस्वतीच्या घरी तिची लेक तिचे ऐको, श्रीहर्षला शाळेचे दार सदैव उघडे राहो, आणि उणकलच्या त्या घरात सुख नांदो.