पंख्याच्या घरघरीखालचं बोलणं

लॅपटॉप मुलीचा. पुण्यात नोकरीला लागल्यावर तिनं नवा घेतला आणि हा जुना मला देऊन गेली. मी चौथी शिकलेला, जन्मभर तळ्यात मासोळ्या धरलेला माणूस. लॅपटॉप घेऊन मी काय करू? पण त्यात बायको होती. फोटो नाही, नुसता आवाज.

बायको भाताच्या रोवणीची गाणी म्हणायची. चिखलात वाकून म्हणायची आणि बांधावर उभ्या माणसाला ऐकू जायची. गावात तिच्यासारखी दुसरी कोणी नव्हती. हे मी ती होती तोवर एकदाही बोललो नाही, आता लिहून काय फायदा. आजारात तिचा गळा बसत चालला तशी मुलीला घाई झाली. रोज सकाळी ती माईच्या अंथरुणाजवळ लॅपटॉप उघडायची आणि एक-दोन गाणी भरून घ्यायची.

शेवटच्या दिवशी गाणं संपलं आणि मुलीला कोणाला तरी फोन करायचा होता. आमच्या गावात फोन तळ्याच्या पाळीवरच लागतो. ती पाळीवर गेली, मशीन चालूच राहिलं. त्यात ऐकू येतं ते असं: बायको खोकते, जरा थांबते आणि हळूच म्हणते, "अजी, आयकून राह्यले का..." त्यापुढं घरघर. लॅपटॉपातल्या पंख्याची घरघर. ती बरंच काही बोलते एवढं कळतं. काय बोलते, ते कळत नाही.

मी तेव्हा अंगणात जाळं सांधत बसलो होतो. पंधरा पावलांवर. तिनं मला हाक मारली नाही, मशीनला सांगितलं. कारण चार दिवस आमचं बोलणं बंद होतं.

भांडण मंडईवरून झालं. तिच्या माहेरी दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिथं दरसाल नाटक असतं. तिला ते बघायचं होतं. भाऊ गाडी घेऊन येतो म्हणाला होता, मागं गादी टाकून नेतो म्हणाला होता. मी म्हणालो, "एवढ्या थंडीत नाटक पाहाले जाऊन मरतं का?" ती भिंतीकडं तोंड करून निजली. नाटक झालं, भाऊ रिकामा परत गेला, आणि ती तशीही मेलीच. घरात, माझ्या ऊबदार घरात. नंतर लोक मला सांगायचे, "भाऊ, तुमी लय केलं तिच्यासाठी." मी ऐकून घ्यायचो. लोकांना काय, जेवून हात धुतले की गेले.

तर मला एवढंच पाहिजे होतं: ती त्या दिवशी मला काय म्हणाली. शिव्या दिल्या असतील तर शिव्या.

लॅपटॉप सुरू केला की पंखा घरघरायचा. मला वाटलं, हा पंखा गप्प केला की ती ऐकू येईल. कोणालाही तेच वाटलं असतं. बैलगाडीचा आस कुरकुरला तर आपण काय करतो? तेल देतो. घरात मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल होतं, तिनंच गाळून ठेवलेलं. कोंबडीचं पीस बुडवून मी खालच्या जाळीतून आत तेल सोडलं. घरघर जरा कमी झाली. मी आणखी सोडलं.

हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाटली चुलीजवळ ठेवावी लागते. पण माणसाला एखादी गोष्ट पाहिजेच असली की ठाऊक असलेलंही आठवत नाही. पुढच्या साली दिवाळीनंतर थंडी पडली आणि एका सकाळी पंखा फिरलाच नाही. लॅपटॉप तापला, जळका वास आला आणि तो बंद पडला. मी तो हातात धरून अंगणात उभा राहिलो. तिला दुसऱ्यांदा मारलं, असं वाटलं.

वडशाला एक दुरुस्तीवाला आहे. बसनं गेलो. त्यानं मागचं झाकण काढलं आणि नाकाला रुमाल लावला.

"काकाजी, यात भजे तळले का?"

"टोळीचं तेल हाय."

"मशीन हाय बाप्पा, गाडा नाई!" दुकानात चार्जर घ्यायला आलेला एक मास्तर हसला. मीही हसायला पाहिजे होतं. नाही हसलो.

मग त्यानं चिमट्यानं आतून बोळे काढायला सुरुवात केली. कापूस, लाल-हिरवे धागे, तेलात भिजून काळे पडलेले. "अंथरुणावर ठेवता का याले? हे खालून हवा घेते. खाली कापड आलं का याचा दम कोंडते. मंग पंखा जोरात पळते, म्हणून आवाज."

मी म्हणालो, "दुसरा पंखा बसव."

त्यानं बसवला. सगळं शाबूत आहे म्हणाला, मुलीनं भरलेल्या गाण्यांची फाईल उघडून दाखवली. मी म्हणालो, शेवटचं लाव. त्यानं लावलं. गाणं, खोकला, "अजी, आयकून राह्यले का..." आणि घरघर. तीच.

मी चिडलो. "नवा पंखा म्हणून जुनाच बसवला का रे?"

त्यानं माझा हात धरून लॅपटॉपावर ठेवला. पंखा गप्प होता. थरथरसुद्धा नाही. "काकाजी, हा आवाज इथला नाई. गाणं भरलं तेव्हाच तो संग भरला गेला. आता तो निघत नाई." त्यानं कानाला नळ्या लावून स्वतः दोनदा ऐकलं. "एक ठिकाणी नाटक म्हणते असं वाटते. बाकी मले समजत नाई."

मास्तर चार्जर घेऊन गुपचूप निघून गेला.

लाल-हिरवे धागे कुठले, ते मला बोळा निघाला तेव्हाच कळलं होतं. बायकोच्या लुगड्यांच्या गोधडीचे ते धागे. त्या सकाळी मी काही कामानं आत आलो होतो. मुलीनं लॅपटॉप सारवलेल्या जमिनीवर ठेवलेला दिसला. महागाची वस्तू, जमीन ओलसर, म्हणून मी गोधडी चौघडी करून खाली सरकवली. बोलणं बंद होतं, म्हणून न बोलता सरकवली. बायको बघत होती. तिच्यासाठीच काही केल्यासारखं मला वाटलं होतं. मग अंगणात जाऊन बसलो. ती बोलली आणि मी तिच्या तोंडावर गोधडी टाकून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी पाळीवर गेलो, तेव्हा मुलीचा फोन आला. लॅपटॉप दुरुस्तीला नेला हे तिला ठाऊक होतं. "बाबा, पंख्याचा आवाज गेला का?"

"गेला."

"मंग? माय काय म्हणे?"

खरं ते मला सांगता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "काई नाई. पाणी मांगत होती."

तिकडून ती बारीक आवाजात म्हणाली, "मी तेव्हाच फोन कराले गेली होती ना बाबा. लय वेळ बोलत बसली." आणि रडायला लागली.

तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं की मी खोटं बोललो. आता दोन महिने होत आले. ती दर आठवड्याला फोन करते, जेवले का विचारते, माईचं नाव काढत नाही. मी अजून सांगितलेलं नाही. सांगायला गेलो तर गोधडीचंही सांगावं लागेल.