व्याह्यांना 'कोंदोत्तिएरो' म्हणणारे दिवेकर काका

वेस्ट विंडसरला राहायला आलो त्या दिवशी शेजारच्या दिवेकर काकांना मी "नमस्कार" म्हटलं. ते म्हणाले, "नम् म्हणजे वाकणं. तू वाकला नाहीस. म्हणजे नुसता आवाज केलास." मी मुकाट्यानं वाकलो.

काका निवृत्त इंजिनिअर. दिसेल त्या शब्दाचं कूळ काढायचं, हा त्यांचा उद्योग. "माणसाला आडनाव विचारता, मग शब्दाला का नको?" असं म्हणायचे. त्यांच्या मुक्ताचं लग्न मार्कोशी ठरलं आणि काका फोनवर इटालियन शिकायला लागले. व्याह्यांची त्यांच्याच भाषेत स्तुती करायची होती. व्याही, विन्स, अंगानं दरवाजाएवढे. त्यांना शोभेलसा शब्द काकांना सापडला: 'कोंदोत्तिएरो'. जुन्या इटलीतला लढवय्या सेनापती!

लग्नाच्या जेवणात काकांनी ग्लास उंचावून तो शब्द छाती फुगवून उच्चारला. मार्कोची आजी खास इटलीहून आलेली. तिचा काटा हवेतच थांबला.

"माझा मुलगा? भाडोत्री शिपाई?" तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं.

मुक्ता कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, प्लीज सिट डाउन!" काकू माझ्या कानाशी लागल्या, "लग्न लागलंय ना रे? मग आता मोडता नाही यायचं."

काका बसतील तर शपथ! "आधी मूळ ऐका! 'कोंदोत्ता' म्हणजे करार. तिथली शहरं करार करून सेनापती ठेवायची. करारावर लढणारा तो कोंदोत्तिएरो. थोडक्यात, कॉन्ट्रॅक्टर!"

विन्स सावकाश उठले. काका एक पाऊल मागे सरकले.

"ममा," विन्स म्हणाले, "बरोबर बोलतोय हा. मी रूफिंग कॉन्ट्रॅक्टरच आहे, करारावर छपरं घालतो!" आणि त्यांनी काकांना असं कवटाळलं की काकांचा फेटा आजीच्या पास्त्यात पडला. सगळ्यात मोठ्यानं आजीच हसली.

गेल्या वर्षी काका-काकू मुक्ताजवळ मॉरिसव्हिलला गेले. सामान न्यायला विन्स स्वतः ट्रक घेऊन आले. ट्रकच्या दारावर लाल इंग्रजी अक्षरांत कंपनीचं नवं नाव रंगवलेलं: 'कोंदोत्तिएरो रूफिंग'. काकांचे डोळे भरून आले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"विन्स, यात दोन टी हवेत. एक कमी आहे."

"कुणाला कळतंय?"

"मला!"

काकूंनी हॉर्न दाबून दोघांना आत बसवलं. ट्रक निघाला. काकांचा हात खिडकीबाहेर हलत राहिला. मला भरून आलं, मीही हात हलवला. नीट पाहिलं तर ते दारावर बोटानं टी काढत होते.